एफ सिग्निफिकंट आला, आता पुढे काय? तीन किंवा जास्त गटांच्या सरासऱ्यांची तुलना, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

थिसिस जमा करायचे दिवस जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर एकाच साच्याचे मेसेज यायला लागतात. "ताई, डेटा पाठवलाय, जरा अनोव्हा टाकून द्या ना." (अनोव्हा म्हणजे तीन किंवा जास्त गटांच्या सरासऱ्या एकाच वेळी ताडून पाहणारी चाचणी. तिचं उत्तर म्हणजे एफ हा आकडा. तो 'सिग्निफिकंट' म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा म्हणता येऊ नये इतका मोठा.) पाठोपाठ एक एक्सेलची फाईल. तिचं नाव 'फायनल', नाहीतर 'फायनल नवीन २'. उघडली की आकड्यांच्या रांगाच रांगा, पण वाफे कसे पाडले होते, रेप्लिकेशन (तेच खत किंवा औषध पुन्हा स्वतंत्रपणे दिलेले वाफे) किती होते, कोणता आकडा कुठल्या वाफ्याचा, काही कळत नाही. मी विचारते, "ले-आउट कसा होता?" तिकडे बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहतं.

मी कृषीची. एमएस्सीला संख्याशास्त्राचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता, पण स्वतःचे आकडे समोर आले तेव्हा मीही अशीच चाचपडले. पुढे मानसशास्त्र, फार्मसी, सूक्ष्मजीवशास्त्र करणाऱ्या मैत्रिणींच्या फायली पाहिल्या. सगळ्यांचं अडतं एकाच ठिकाणी, फक्त प्रत्येकीचे शब्द निराळे. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोणती चाचणी लावायची ते आकडे हातात आल्यावर ठरत नसतं. प्रयोग मांडला त्या दिवशीच ते ठरून गेलेलं असतं. सॉफ्टवेअर ही शेवटची पायरी.

## बसण्याआधी हाताशी काय हवं

- मंजूर झालेला सायनॉप्सिस. त्यात डिझाईनचं नाव असतं: सीआरडी (सगळ्या वाफ्यांत सरसकट चिठ्ठ्या), आरबीडी (आधी ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकात चिठ्ठ्या), स्प्लिट प्लॉट (मोठ्या वाफ्यांच्या पोटात लहान वाफे).
- मूळ फील्ड बुक किंवा प्रयोगशाळेची वही. टाईप केलेली प्रत नको, मूळच हवी.
- कोरा कागद आणि पेन्सिल.
- एक सॉफ्टवेअर. आर आणि जॅमोवी फुकट आहेत. कृषीवाल्यांसाठी हिसारच्या कृषी विद्यापीठाचं ओपीस्टॅट आहे, आणि ओल्ड गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने केलेलं वास्प आहे. एसपीएसएस कॉलेजात असेल तर उत्तम, पण त्यासाठी अडून बसू नका.

## १. ले-आउटचं चित्र काढा आणि 'एकक' मोजा

कागदावर चौकोन काढा. एक चौकोन म्हणजे असा सर्वात लहान तुकडा, ज्याला चिठ्ठी टाकून स्वतंत्रपणे ट्रीटमेंट (खत, औषध, पद्धत, जे तपासायचं ते) दिली गेली. शेतात तो वाफा असतो, नर्सरीत कुंडी, औषधाच्या चाचणीत रुग्ण. तुमच्या हिशेबातला 'एन' म्हणजे या चौकोनांची संख्या. आकडे किती घेतले याच्याशी त्याचा संबंध नाही.

माझी चूक इथेच झाली होती. चार ट्रीटमेंट, पाच रेप्लिकेशन, म्हणजे वीस वाफे. प्रत्येक वाफ्यातल्या पाच खुणेच्या झाडांची उंची मी मोजली आणि शंभरच्या शंभर आकडे तसेच भरले. निकाल काय सुरेख आला! जे बघावं ते सिग्निफिकंट. समितीतल्या सरांनी तक्त्यावर बोट ठेवून एकच विचारलं, "वाफे किती तुमचे?" मी म्हटलं, वीस. "मग एररचे डीएफ शहाण्णव कुठून आणले?" (एरर म्हणजे ट्रीटमेंटमुळे नसलेला, आपोआप पडणारा फरक. डीएफ म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, हिशेबात मोकळे उरणारे स्वतंत्र आकडे.) आरबीडीत ते (४−१) × (५−१) म्हणजे १२ यायला हवे होते. एका वाफ्यातली पाच झाडं एकच माती, एकच पाणी, एकच सावली वाटून घेतात. ती पाच साक्षीदार नव्हेत, एकाच साक्षीदाराने पाच वेळा सांगितलेली तीच गोष्ट आहे. आधी वाफ्याची सरासरी काढायची, मग वीस आकड्यांवर अनोव्हा. तो अख्खा आठवडा मी तक्ते पुन्हा करण्यात घालवला, आणि अर्धे तारांकित, म्हणजे सिग्निफिकंट, निकाल 'एनएस' म्हणजे नॉन-सिग्निफिकंट झाले.

हा सापळा सगळ्या विषयांत आहे. एकाच फ्लास्कमधून घेतलेली तीन रीडिंग म्हणजे तीन रेप्लिकेशन नव्हेत. शिकवण्याची पद्धत वर्गाला दिली असेल तर त्या वर्गातली चाळीस मुलं म्हणजे चाळीस एककं नव्हेत. एका टाकीतले वीस मासे, एका पिंजऱ्यातले सहा उंदीर, तेच. अशा वेळी एक तर एककाची सरासरी घ्या, नाहीतर मिक्स्ड मॉडेल (एका एककातले आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत हे धरणारी पद्धत) शिका.

चित्र पुढ्यात असताना आणखी तीन प्रश्नांची उत्तरं त्याच कागदावर लिहा. जमिनीचा उतार, दिवस, बॅच अशा कारणाने ब्लॉक पाडले होते का? एकाच एककावर पुन्हापुन्हा मोजलंय का? एक घटक होता की दोन, म्हणजे नुसतं खत, की खत आणि वाण?

## २. जोडीजोडीने टी-टेस्ट करत सुटू नका

पाच टक्क्यांच्या पातळीवर केलेल्या प्रत्येक चाचणीत, मुळात फरक नसताना 'फरक आहे' असं चुकून निघण्याची शक्यता पाच टक्के. तीन गटांच्या जोड्या ३, पाच गटांच्या १०, आठ गटांच्या २८. या तुलना एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता अनुक्रमे सुमारे १४, ४० आणि ७६ टक्के होते. म्हणून आधी सगळ्या गटांना मिळून एकच प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न म्हणजे अनोव्हा.

## ३. फाईल अशी भरा

एक ओळ म्हणजे एक एकक. रकाने: ब्लॉक, ट्रीटमेंट, उत्पादन, उंची वगैरे. ट्रीटमेंट आडव्या आणि रेप्लिकेशन उभे असा तक्ता थिसिसमध्ये छापायला छान दिसतो, पण आर किंवा जॅमोवीला तो चालत नाही.

तीन बारीक खोड्या बघा. एक: ट्रीटमेंटला नुसतं १, २, ३, ४ लिहिलंत तर आर त्याला मापाचा आकडा समजतो आणि गटांची तुलना न करता सरळ रेषा बसवतो. ओळखायची खूण म्हणजे डीएफ. चार ट्रीटमेंटला तीन हवेत. तिथे एक दिसला की घोळ झालाय. त्यापेक्षा टी-१, टी-२ असं लिहावं. दोन: 'टी-१' आणि मागे एक रिकामी जागा सुटलेला 'टी-१ ' हे यंत्राला दोन वेगळे गट वाटू शकतात. डीएफ तीनऐवजी चार दिसले तर आधी हे शोधा. तीन: शून्य आणि रिकामी चौकट एक नव्हे. सापळ्यात किडा सापडला नाही ते शून्य. त्या दिवशी पाऊस होता म्हणून गेलोच नाही, ती रिकामी चौकट.

## ४. एकदा तरी हाताने सोडवा

नुसती बटणं दाबणाऱ्याला व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला घाम फुटतो. खालचे आकडे मी हिशेब सोपा जावा म्हणून बेतलेत. पंधरा कुंड्या, चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटलेल्या, प्रत्येक कुंडीतल्या मेथीची सरासरी उंची सेंटिमीटरमध्ये.

खत नाही: १२, १४, १३, ११, १५. सरासरी १३.
शेणखत: १६, १५, १८, १७, १४. सरासरी १६.
गांडूळखत: १७.४, १९.४, १६.४, २०.४, १८.४. सरासरी १८.४.

सगळ्यांची मिळून सरासरी १५.८.

आधी गटाच्या आतला चढउतार. पहिल्या गटात १३ पासूनचे फरक −१, +१, ०, −२, +२. त्यांचे वर्ग १, १, ०, ४, ४, बेरीज १०. बाकीच्या दोन गटांतही दहा-दहाच येते, करून बघा. एकूण ३०. डीएफ १५ − ३ = १२. भागाकार २.५. हा 'एरर', म्हणजे तुम्ही काहीही न करता कुंडीकुंडीत पडणारा फरक.

आता गटागटांमधला. १५.८ पासून सरासऱ्यांचे फरक −२.८, ०.२, २.६. वर्ग ७.८४, ०.०४, ६.७६, बेरीज १४.६४. प्रत्येक सरासरी पाच कुंड्यांची, म्हणून पाचने गुणा: ७३.२. डीएफ ३ − १ = २. भागाकार ३६.६.

एफ = ३६.६ ÷ २.५ = १४.६४. (वरच्या १४.६४ शी जुळला तो निव्वळ योगायोग, त्यात काही शोधू नका.) तक्त्यात २ आणि १२ डीएफला पाच टक्के पातळीवरचा एफ ३.८९ आहे. आपला त्याहून कितीतरी मोठा, म्हणजे तिन्ही सरासऱ्या सारख्याच आहेत हे म्हणणं टिकत नाही. कुठली कुठलीपेक्षा वेगळी, हे मात्र एफ सांगत नाही.

ही रीत शेतातूनच आली आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडच्या रॉथमस्टेड प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले. तिथल्या खतांच्या आणि पिकांच्या नोंदींवर काम करताना त्यांनी ती बसवली आणि १९२५ च्या त्यांच्या पुस्तकातून ती जगभर गेली. तक्त्यातला एफ हा त्यांच्याच आडनावाचा. ते अक्षर अमेरिकेच्या स्नेडेकरांनी दिलं. मानसशास्त्र आणि वैद्यकाने ही रीत पुढे उचलली, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांतही 'ब्लॉक' आणि 'प्लॉट' हे मातीचे शब्द अजून सापडतात. आपल्याकडच्या कृषी थिसिसांत हमखास असणारा 'पानसे आणि सुखात्मे' या पुस्तकाचा संदर्भही याच परंपरेतला. त्यातले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे.

आरबीडी असेल तर एवढाच फरक: एररमधून ब्लॉकचा वाटा वेगळा काढायचा. एक्सेलमध्ये करणार असाल तर तिथल्या नावाने फसू नका. आरबीडीला लागणारा पर्याय 'टू फॅक्टर विदाऊट रेप्लिकेशन' हा आहे. "आमच्यात तर रेप्लिकेशन आहेत!" म्हणून पोरं दुसरा निवडतात आणि अडकतात. जॅमोवीत ब्लॉक आणि ट्रीटमेंट दोन्ही घटक म्हणून टाकले की ते आपणहून त्यांचं इंटरॅक्शन (एकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलणं) जोडतं. ते काढून टाका, नाहीतर एररला डीएफच उरत नाहीत.

## ५. गृहीतकं तपासा, पण योग्य जागी

एककं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. ते पहिल्या पायरीत पाहिलं, आणि तिथे चुकलं असेल तर कुठलीही चाचणी ते दुरुस्त करत नाही.

नॉर्मल (घंटेच्या आकाराची) वाटणी हवी ती रेसिड्युअलची, म्हणजे प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा केल्यावर जे उरतं त्याची. उत्पादनाचा सगळा रकाना उचलून शापिरो-विल्क या नॉर्मलपणाच्या चाचणीला देणं ही फार सर्रास चूक. गट खरोखर वेगळे असतील तर तो रकाना दोन उंचवट्यांचा दिसणारच! शिवाय आकडे थोडे असले की ही चाचणी सगळंच पास करते आणि हजारभर असले की किरकोळ वाकडेपणालाही नापास करते. रेसिड्युअलचा आलेख डोळ्यांनी पाहा, माझा जास्त विश्वास त्यावर.

तिसरं, गटागटांतला पसारा साधारण सारखा हवा. लेव्हीनची चाचणी त्यासाठी. गटांत एकके समान असतील तर थोडा फरक खपून जातो. एका गटात ८ आणि दुसऱ्यात ४० असतील, आणि पसाराही वेगळा असेल, तर साधा अनोव्हा सोडा आणि पसारा समान न धरणारा वेल्चचा घ्या. जॅमोवीचा वन-वे पर्याय आपणहून वेल्चच देतो. त्यामुळे हाताने काढलेल्या एफशी उत्तर जुळत नाही म्हणून घाबरू नका, 'पसारा समान' हा पर्याय निवडून बघा.

किडींची संख्या, रोगाची टक्केवारी, जिवाणूंच्या वसाहती यांचा पसारा सरासरीबरोबर वाढतो किंवा आक्रसतो. आपल्याकडची रूढ वाट म्हणजे रूपांतर: लहान संख्यांना ०.५ मिळवून वर्गमूळ, टक्क्यांना आर्क-साइन, वसाहतींना लॉग. टक्के सगळे ३० ते ७० च्या मधले असतील तर रूपांतराची गरज सहसा पडत नाही. नवी वाट म्हणजे जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल, जे मोजणीचे किंवा टक्क्यांचे आकडे रूपांतर न करता घेतं. जमत असेल तर तीच धरा, पण गाईडला आधी सांगून.

## ६. कोण कोणापेक्षा वेगळं

इथे प्रत्येक विषयाचा आपापला कुळाचार आहे. आपण मेथीच्याच आकड्यांवर बघू.

कृषीत सीडी, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. सूत्र: टी × √(२ × एरर ÷ रेप्लिकेशन). एरर २.५, रेप्लिकेशन ५, म्हणून वर्गमुळाखाली बरोबर १ येतो. १२ डीएफचा टी २.१८, म्हणून सीडी २.१८. शेणखत आणि खत नाही यांच्यात फरक ३: सिग्निफिकंट. गांडूळखत आणि शेणखत यांच्यात २.४: सिग्निफिकंट.

आता तेच आकडे मानसशास्त्र किंवा जीवशास्त्रवाल्या मैत्रिणीला द्या. ती टुकीची चाचणी लावेल. तीन गट, १२ डीएफ, तक्त्यातला क्यू ३.७७; गुणिले √(२.५ ÷ ५), उत्तर २.६७. गांडूळखत आणि शेणखत यांच्यातला २.४ चा फरक इथे नापास!

कुंड्या त्याच, मेथी तीच, निष्कर्ष दोन. यात कुणी खोटं बोलत नाही. सीडी एका जोडीपुरता विचार करते, टुकी सगळ्या जोड्या मिळून चुकीची शक्यता पाच टक्क्यांत ठेवते. गट तीनच असतील आणि एफ सिग्निफिकंट आल्यावरच सीडी पाहिली असेल तर तीही आटोक्यात असते. बारा ट्रीटमेंटला सीडी लावून ६६ जोड्या तपासल्या, तर त्यातले काही तारे फुकटचे असणार. डंकनची चाचणी, म्हणजे अ-ब-क अक्षरं देणारी डीएमआरटी, अशीच सैल आहे. शेजारशेजारच्या दोन सरासऱ्यांना ती सीडीइतकंच माप लावते.

माझं मत विचाराल तर:

- सगळ्या जोड्या बघायच्या असतील तर टुकी.
- फक्त कंट्रोलशी (काही न दिलेल्या गटाशी) तुलना असेल तर डनेट. औषधशास्त्रात हीच चालते, आणि कृषीतही जास्त वापरायला हवी.
- आधीपासून ठरवलेल्या दोन-तीनच तुलना असतील तर बॉनफेरोनी, म्हणजे ०.०५ ला तुलनांच्या संख्येने भागायचं.
- वेल्च लावला असेल तर पुढे गेम्स-हॉवेल.

विभागात सीडीचाच आग्रह असेल तर भांडू नका, सीडी द्या. पण पाचही चाचण्या लावून जिच्यात तारे जास्त ती छापणं, हे मात्र नको. जी लावणार ती सायनॉप्सिसमध्येच लिहून टाका.

आणि एक प्रसंग असा, जिथे यातली कुठलीच नको. ट्रीटमेंट म्हणजे हेक्टरी ०, ४०, ८०, १२० किलो नत्र असेल, तर "८० आणि १२० मध्ये फरक नाही" हे अक्षरांनी सांगण्यात काय हशील? हे गट एका मापाच्या पायऱ्या आहेत. त्यावर वक्र बसवा आणि उत्पादन कुठे वाढायचं थांबतं ते सांगा. शेतकऱ्याला विचारायचं असतं तेही तेच.

## ७. साधा अनोव्हा कुठे चालत नाही

त्याच रुग्णांची साखर सुरुवातीला, महिन्याने आणि तीन महिन्यांनी मोजली, तर हे तीन गट नव्हेत. रिपीटेड मेझर्स अनोव्हा किंवा मिक्स्ड मॉडेल लागेल. क्रमवारीवर जायचं तर फ्रीडमन.

आकडे फारच तिरपे असतील, किंवा 'एक ते पाच' अशा पसंतीचे असतील, तर क्रुस्कल-वॉलिस आणि त्यानंतर डन. पण ही चाचणी क्रमांकांची तुलना करते. ती लावून खाली "सरासऱ्यांमध्ये लक्षणीय फरक" असं लिहू नका.

दोन घटक असतील तर आधी इंटरॅक्शनची ओळ वाचा. ती सिग्निफिकंट असेल, तर "अमुक खत सर्वोत्तम" असं सुटं वाक्य लिहिता येत नाही. कुठल्या वाणाला, हेही सांगावं लागतं. आपल्याकडच्या निम्म्या थिसिसांत ही ओळ तक्त्यात असते आणि चर्चेत नसते.

## ८. निकाल लिहिताना

कृषीच्या तक्त्यात सरासऱ्यांखाली तीन ओळी येतात: एसई(एम) ± (सरासरीची प्रमाण त्रुटी), सीडी आणि सीव्ही (एररचं वर्गमूळ एकूण सरासरीच्या किती टक्के). आपल्या मेथीत त्या ०.७१, २.१८ आणि १० टक्के. एफ एनएस असेल तर सीडीच्या जागी 'एनएस' लिहा, आकडा देऊ नका. मानसशास्त्राच्या नियतकालिकाला हेच असं हवं असतं: एफ (२, १२) = १४.६४, पी < ०.००१, ईटा-वर्ग = ०.७१. पी म्हणजे मुळात फरक नसताना इतका किंवा याहून मोठा एफ येण्याची शक्यता. ईटा-वर्ग हा शेवटचा आकडा म्हणजे ७३.२ भागिले १०३.२, एकूण चढउतारातला खताचा वाटा. कृषीत तो कुणी मागत नाही. मी तरीही देते.

एसपीएसएसची जुनी आवृत्ती पी '०.०००' दाखवते, ते तसंच उतरवू नका. शक्यता शून्य नसते, '< ०.००१' लिहा. पी ०.०७ आला की "सिग्निफिकंटच्या जवळ" असं लिहायचा मोह होतो, तो टाळा. आणि एनएस म्हणजे "दोन्ही खतं सारखीच" नव्हे. तेवढ्या रेप्लिकेशनमध्ये फरक दाखवता आला नाही, एवढंच.

रूपांतर केलं असेल तर चाचणी रूपांतरित आकड्यांवरची, पण तक्त्यात मूळ सरासऱ्याही द्या. ८.३ हे वर्गमूळ आहे की तुडतुडे, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

इतकं करूनही अडलंच तर मेसेज करा. फक्त ले-आउटच्या कागदाचा फोटो आधी पाठवा, एक्सेल नंतर.